पान कशाने उघडतं? संगीत मासिकांच्या अनुक्रमणिका: प्रकल्प नोंदी

६ जुलै

विषय मंजूर झाला. ब्रिटिश संगीत मासिकांची अनुक्रमणिकेची पानं कोणत्या वाचकासाठी आणि कशी रचलेली असतात ते आधी बघायचं, आणि सत्राच्या शेवटी स्वतःचं एक पान करून द्यायचं. मॅडमनी एकच अट घातली, "लाल रंग लक्ष वेधून घेतो, हे वाक्य मला कुठेही दिसता कामा नये."

अट का, ते संध्याकाळी वाचायला बसल्यावर कळलं. इंग्लंडमध्ये ओसीआर या परीक्षा मंडळाच्या एएस (साधारण आपल्या अकरावीच्या) मीडिया स्टडीजला बरीच वर्षं हेच काम असायचं: एका नव्या संगीत मासिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि दोन पानी लेख तयार करा. त्याआधी सराव म्हणून शाळेच्या मासिकाचं मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका. त्यामुळे तिथल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी केलेली याच पानांची चिरफाड ढिगाने सापडते. आणि सगळी एकाच साच्यातली. लाल म्हणजे धोका, काळा म्हणजे बंडखोरी, मोठा फोटो म्हणजे महत्त्वाचा लेख. यातलं काहीच खोटं नाही, पण एवढ्यावर थांबलं तर संगीत मासिक आणि वर्तमानपत्रात घालून येणारं सेलचं पत्रक यांत फरकच उरत नाही. तिथेही लाल असतं, तिथेही मोठा फोटो असतो.

११ जुलै

मासिकं निवडली: केरँग!, क्यू आणि मोजो. तिन्ही बरीच वर्षं एकाच घरातली होती, म्हणूनच निवडली. आधी ईमॅप कंपनीची होती. ईमॅपचा मासिकांचा धंदा २००८ मध्ये बाउअर या प्रकाशन कंपनीकडे गेला आणि त्याबरोबर ही तिन्हीही गेली. (केरँग! २०१७ मध्ये तिथूनही दुसरीकडे गेलं.) म्हणजे तोवर मालक एक, विकायचं दुकान एक, गाण्याबजावण्याचा विषय एक. तरी तिन्ही अनुक्रमणिका एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत. जो काही फरक पडतो तो वाचकामुळे पडतो, असं इथे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येईल.

थोडक्यात कुंडली लिहून ठेवते, नंतर शोधायला नको. केरँग! ६ जून १९८१ ला 'साउंड्स' या साप्ताहिकाची हेवी मेटलवरची पुरवणी म्हणून निघालं, मुखपृष्ठावर एसी/डीसी या रॉक बँडचा गिटारवादक अँगस यंग. १९८७ पासून साप्ताहिक. क्यू १९८६ चं. मार्क एलन आणि डेव्हिड हेपवर्थ या दोघांनी काढलं. दोघंही आधी 'स्मॅश हिट्स' या पोराटोरांच्या पाक्षिकात होते, आणि आता त्यांना मोठ्या झालेल्या माणसांसाठी काहीतरी करायचं होतं. मोजो १९९३ च्या नोव्हेंबरचं, पहिल्याच मुखपृष्ठावर साठच्या दशकातले तारे, बॉब डिलन आणि जॉन लेनन. यावरून कोणासाठी काढलं ते वेगळं सांगायला नको.

१७ जुलै

आतेबहीण नॉटिंगहॅमहून आली. तिला सांगून ठेवलं होतं, तिने तिथल्या ऑक्सफॅम या धर्मादाय संस्थेच्या दुकानातून जुने अंक उचलून आणले. बॅगेतलं वजन वाढलं म्हणून आत्याने मला दोन शब्द ऐकवले. पण अंक हातात असण्याला पर्याय नाही. स्क्रीनवर पान आपल्याला हवं तेवढं मोठं करता येतं, त्यामुळे पानावर नेमकं काय मोठं आहे तेच कळत नाही.

आधी केरँग!. २००० च्या दशकाच्या शेवटाकडचा अंक. पान उघडल्यावर पहिल्यांदा जाणवते ती दाटी. वरती काळी पट्टी, तीत मासिकाचं नाव, अंक क्रमांक, तारीख. खाली एका बँडचा स्टेजवरचा मोठा फोटो, गायकाची मान मागे फेकलेली. त्याच्या आजूबाजूला आणि थोडे अंगावरही लहान फोटो, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पानाचा आकडा. आकडा फोटोवरच चिकटलेला आहे, खालच्या ओळीत नाही. हे महत्त्वाचं. उजवीकडे यादी: बातम्या, वाचकांची पत्रं, लाइव्ह, अल्बम, गिग गाइड (कुठे कोणाचा कार्यक्रम), पोस्टर्स. प्रत्येक विभागाचं नाव काळ्यावर पिवळं नाहीतर पिवळ्यावर काळं. एका कोपऱ्यात संपादकाचं छोटं पत्र, सोबत फोटो आणि हाताने केलेली सही. तळाला वर्गणीची जाहिरात.

यादी वाचायची गरजच पडत नाही, ही या पानाची गंमत. वाचक फोटोतला चेहरा ओळखतो, आकडा बघतो, पान उलटतो. संपला विषय. ज्याला चेहरा ओळखू येत नाही त्याच्यासाठी हे पान नाहीच. आणि जो ओळखतो त्याला आतून बरं वाटतं, कारण त्याच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना तो चेहरा ओळखता आला नसता.

पोस्टर्सना स्वतंत्र नोंद दिलीय तीही उगाच नाही. पोस्टर लावायला स्वतःच्या खोलीची भिंत लागते, आणि त्यावर कोणाचं थोबाड लावायचं यावरून आईशी भांडण व्हावं लागतं. एवढ्याशा नोंदीत वाचकाचं वय येऊन जातं.

२१ जुलै

मोजो. इथे मी बराच वेळ रेंगाळले.

मोठा फोटो इथेही आहे, पण जुना, बहुतेक कृष्णधवल, कुठल्यातरी स्टुडिओतला किंवा हॉटेलच्या खोलीतला. त्याच्यासोबत मुलाखतीतलं एक वाक्य, अवतरणचिन्हांत, मोठ्या टाइपात. वाक्य असं निवडलेलं की अर्धवट वाटावं: कोण कोणावर चिडलंय, कशाचा पश्चात्ताप होतोय, पुढे काय झालं. बाकी यादी शांतपणे खाली उतरते. प्रत्येक लेखाला नाव आणि दोन-तीन ओळींचं वर्णन. केरँग!मध्ये जिथे चार शब्दांत काम उरकतात तिथे मोजो पूर्ण वाक्य लिहितं. वाचकाला घाई नाही हे गृहीत धरलेलं आहे.

विभागांची नावंही बघण्यासारखी. बातम्यांच्या विभागाचं नाव 'व्हॉट गोज ऑन!'. या नावाचं गाणं बीटल्सचंही आहे आणि व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचंही. शेवटच्या पानावरचं सदर 'हॅलो गुडबाय', हे पुन्हा बीटल्सचं गाणं. त्यात एखादा वादक आपण बँडमध्ये आलो कसे आणि बाहेर पडलो कसे ते सांगतो. 'ऑल बॅक टू माय प्लेस'मध्ये कलावंत शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी काय ऐकतात ते सांगतात. म्हणजे सदराच्या नावातही ज्याला कळेल त्यालाच कळावी अशी एक खूण पेरलेली. न कळल्याने अडत काही नाही, पण कळलं तर माणूस मनातल्या मनात हसतो.

अंकाबरोबर येणाऱ्या सीडीलाही पानावर जागा असते. आणि एका बाजूला 'या महिन्याचे लेखक': छोटे चेहरे, प्रत्येकाबद्दल दोन ओळी. केरँग!मध्ये संपादकाचा चेहरा आहे, लिहिणारे मागे आहेत. मोजोमध्ये लिहिणारे पुढे. ज्या वाचकाने चाळीस वर्षं संगीतावरचं वाचलंय त्याला कोण लिहितंय याच्याशी मतलब असतो.

२६ जुलै

क्यू. पांढरं मोकळं पान, लाल चौकोनात पांढरा क्यू, 'लेख' आणि 'नियमित सदरं' असे दोन सरळ स्तंभ, एक नीट प्रकाशात काढलेला फोटो. केरँग!पेक्षा शिस्त जास्त, मोजोपेक्षा ऊब कमी. (नावाची कथा अशी सांगतात की मूळ नाव 'क्यू' (Cue) म्हणजे रेकॉर्ड सुरू करताना देतात तो इशारा, त्या स्पेलिंगचं होतं. पण लोक स्नूकरच्या काठीचं मासिक समजतील म्हणून Q हे एकच अक्षर ठेवलं.)

मला इथे खरी महत्त्वाची वाटली ती परीक्षणांची स्वतंत्र चौकट. बाकी यादीत मिसळून न टाकता परीक्षणांना वेगळं घर दिलंय. याला कारण काळ आहे. १९८६ मध्ये सीडी नव्याने घरोघरी येत होती, तीस-पस्तिशीतली कमावती माणसं जुने अल्बम पुन्हा सीडीवर विकत घेत होती, आणि काय घ्यावं हे सांगणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. क्यूचा वाचक अंक वाचून दुकानात जाणारा. अनुक्रमणिका त्याला सांगते की खरेदीचा सल्ला इथे मिळेल, बाकीचं सवडीने.

मग गाणी फोनवर फुकटात ऐकायला मिळू लागली आणि त्या चौकटीचं कामच संपलं. क्यू जुलै २०२० मध्ये बंद झालं. केरँग!चं साप्ताहिकही त्याच वर्षी थांबलं, पुढच्या वर्षी ते त्रैमासिक होऊन परतलं. मोजो अजून दरमहा निघतंय. कोविड तर होताच, पण मला वाटतं की जो वाचक मुळात वाचायलाच येत होता तो टिकला, आणि जो काय घ्यावं ते विचारायला येत होता त्याला उत्तर दुसरीकडे मिळालं.

२ ऑगस्ट

आपणच बघून आपणच ठरवायचं यात अर्थ नाही, म्हणून दोन माणसांच्या हातात अंक दिले. एक ओंकार, वर्गातला, एका मेटल बँडमध्ये बेस वाजवतो. दुसरे आमचे काका, बँकेतून निवृत्त, घरात एलपींची दोन कपाटं, एक सैगल-तलतची आणि एक बीटल्स-डिलनची. दोघांना फक्त एवढंच सांगितलं: पान बघा आणि वाचावंसं वाटेल ते उघडा. मी बोट कुठे जातं ते बघत बसले.

केरँग! हातात येताच ओंकारचं बोट सरळ डावीकडच्या छोट्या फोटोवर गेलं. "अरे हे!" म्हणाला, आणि पान उलटलंसुद्धा. यादीकडे त्याने पाहिलं नाही. परत आल्यावर पुन्हा दुसरा फोटो. संपादकाचं पत्र वाचलंस का विचारलं, तर म्हणाला, "कुठलं पत्र?"

काकांनी तेच पान हातभर लांब धरलं, मग चष्मा वर केला. "अगं, याला डोकं कुठे आणि शेपूट कुठे? नोटीस बोर्डावर सगळ्यांनी एकदमच कागद लावल्यासारखं दिसतंय."

मोजो दिल्यावर दोघांच्या भूमिका उलट. काकांनी फोटोवरचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. मग बोट लेखकांच्या चौकटीवर. "हे कोण लिहिणारे? माहितीतले दिसत नाहीत." आणि मग खिशातून पेन्सिल काढून यादीत दोन ठिकाणी टिंब केलं. माझ्या प्रकल्पाच्या अंकावर. मी काही बोलले नाही, कारण काका दिवाळी अंकाचंही हेच करतात: अनुक्रमणिकेत लेखकाच्या नावासमोर टिंब, आणि मग महिनाभर त्या क्रमाने वाचन. ओंकारने मोजोचं पान बघून विचारलं, "यात सुरुवात कुठून करायची?" आणि यादीतला पहिला लेख उघडला, कारण तो पहिला होता.

आज एक गोष्ट स्पष्ट झाली. अनुक्रमणिका कोणालाही आकर्षित करते की नाही हा ढोबळ प्रश्न आहे. वाचक आपलं पान कशाच्या आधाराने शोधतो, हा नेमका प्रश्न. ओंकार चेहऱ्याने शोधतो, काका वाक्याने आणि लिहिणाऱ्याच्या नावाने. चांगली अनुक्रमणिका वाचकाची शोधायची सवय ओळखून तीच गोष्ट सगळ्यात पुढे ठेवते. आता सगळं याच चाळणीतून बघणार.

५ ऑगस्ट

या चाळणीतून एनएमई (न्यू म्युझिकल एक्सप्रेस) बघायलाच हवं होतं. हे त्या घरातलं नाही, आयपीसी या दुसऱ्या प्रकाशन कंपनीचं. पण २००० च्या दशकातल्या त्याच्या अनुक्रमणिकेत एक फार हुशार गोष्ट आहे: डावीकडे उभ्या पट्टीत बँडची वर्णानुक्रमे सूची, प्रत्येकासमोर पानाचे आकडे. मधे आठवड्याची मुख्य बातमी फोटोसकट, उजवीकडे विभाग. पण डोळा डावीकडे जातो.

एनएमई १९५२ पासूनचं साप्ताहिक. ब्रिटनमधली पहिली सिंगल्सची (सुट्या गाण्यांच्या रेकॉर्डची) क्रमवारी त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्यांनीच छापली होती. नव्या, अजून कोणी न ऐकलेल्या बँडवर लिहिणं हा त्यांचा धर्म. नव्या बँडचा चेहरा कोणाला माहीत असणार? म्हणून केरँग!ची फोटोची युक्ती इथे चालणार नाही. माहीत असतं ते नाव, मित्राकडून ऐकलेलं, पोस्टरवर तळाला बारीक अक्षरात वाचलेलं. म्हणून सूची. शिवाय ज्या चार पोरांचा बँड आहे ती, त्यांच्या मैत्रिणी, त्यांचे भाऊ हे सगळे दुकानात उभ्याउभ्या फक्त ती पट्टी बघणार. नाव असलं तर अंक घरी जाणार.

सप्टेंबर २०१५ पासून एनएमई फुकट झालं. स्टेशनांवर, दुकानांत, विद्यापीठांत ३ लाखांहून जास्त प्रती वाटायचे, पहिल्या फुकट अंकावर गायिका रिहाना. मार्च २०१८ मध्ये छापील साप्ताहिक थांबलं. फुकटच्या अंकाला उभ्याउभ्या चाळणाऱ्याला पटवावं लागत नाही, तो हातात आलेलाच असतो. विकत घ्यायच्या अंकाची अनुक्रमणिका मात्र दुकानातच दुसऱ्यांदा विक्री करत असते: मुखपृष्ठाने अंक उचलायला लावला, आता हिने तो काउंटरपर्यंत न्यायचा.

१२ ऑगस्ट

सिद्धांताचं प्रकरण. ते द्यावंच लागतं.

ब्लमलर आणि कॅट्झ या माध्यम-अभ्यासकांचं १९७४ चं म्हणणं असं की माध्यमं लोकांना काय करतात हे विचारण्यापेक्षा लोक माध्यमांचं काय करतात ते विचारा: माहिती, करमणूक, स्वतःची ओळख, चारचौघांत बोलायला विषय. परीक्षेला बसणारी पोरं ही चारही खणं प्रत्येक पानाला लावतात. मला करमणुकीचं खण अनुक्रमणिकेसाठी निरुपयोगी वाटतं. तिथे कोणी रमायला येत नाही, कुठे रमायचं ते ठरवायला येतं. ओळखीचं खण मात्र केरँग! आणि मोजो दोन्हीला घट्ट बसतं, वेगवेगळ्या प्रकारे.

स्टुअर्ट हॉल हा दुसरा अभ्यासक जास्त कामाचा. त्याचं म्हणणं, बनवणारा एक अर्थ घालून पाठवतो, पण वाचणारा तो जसाच्या तसा घेईलच असं नाही: कोणी पूर्ण मान्य करतो, कोणी तडजोड करतो, कोणी उलटाच घेतो. काकांनी केरँग!चं पान नोटीस बोर्ड म्हणून वाचलं तो उलटा अर्थ. आणि हे केरँग!चं अपयश नाही. काकांना पान आवडलं असतं तर ओंकारला ते बहुधा संशयास्पद वाटलं असतं.

१९ ऑगस्ट

थोडी वाट वाकडी केली, पण सोडवेना. 'द फेस' हे निक लोगनने १९८० मध्ये काढलेलं मासिक. 'स्मॅश हिट्स'ही त्याचंच. संगीत, कपडे, क्लब सगळं एकत्र. नेव्हिल ब्रॉडी त्याचा कलादिग्दर्शक. १९८० च्या दशकाच्या मध्यात त्याने अनुक्रमणिकेच्या पानावरचं शीर्षकच अंकागणिक मोडत नेलं. एका अंकात अक्षरं जरा तुटलेली, पुढच्यात आणखी, होता होता नुसते आकार उरले, वाचता न येणारे. तरी कोणी हरवलं नाही. वाचक दर महिन्याला त्याच जागी तेच पान बघत होता, त्याला शीर्षक वाचायची गरज नव्हती.

अमेरिकेत डेव्हिड कार्सनने 'रे गन'मध्ये (१९९२ पासून) याच्याही पुढे मजल मारली. एक मुलाखत त्याला कंटाळवाणी वाटली म्हणून अख्खी चिन्हांच्या टाइपात लावली, एक अक्षर वाचता येऊ नये अशी. मला हे धाडस म्हणून आवडतं, पण माझ्या कामाचं नाही. ब्रॉडीचं आहे: नियमित वाचकाला जागा माहीत असते, शब्द नाही. विभागांची जागा दर अंकात तीच ठेवायची, मग सजावटीत हवा तेवढा दंगा घाला.

२९ ऑगस्ट

आता माझं पान. वाचक ठरवला: मराठी रॅप ऐकणारा आणि करून बघणारा, सतरा ते बावीस, मुंबई-पुण्याबाहेरचा. इचलकरंजी, नांदेड, परभणी. स्वतःचं गाणं फोनवर रेकॉर्ड करून टाकणारा. मासिकाचं तात्पुरतं नाव 'ठेका'.

हा वाचक पान कशाने शोधेल? चेहऱ्याने नाही, कारण यातले बहुतेक चेहरे त्यांच्या गल्लीबाहेर कोणाला माहीत नाहीत. लेखकाने तर नाहीच. नावाने. म्हणजे एनएमईची पट्टी. डावीकडे सूची, मधे एक फोटो, उजवीकडे विभाग, पहिलं कच्चं रेखाटन झालं.

नमुन्याला काल्पनिक नावं टाकून सूची लावायला घेतली आणि गाडी अडली. निम्म्या मंडळींच्या नावाआधी 'एमसी', रॅपर लावतात ती उपाधी. वर्णानुक्रमे लावलं तर सगळे 'ए'मध्ये, बाकी अक्षरं ओस. 'एमसी' काढून लावलं तर पोरं स्वतःचं नाव 'ए'मध्ये शोधून हताश होणार. शिवाय निम्म्यांनी नावं इंग्रजी स्पेलिंगचे खेळ करून ठेवलेली, ती देवनागरीत उतरली की खेळच संपतो.

रात्री उपाय सुचला: नावाने न लावता गावाने लावायचं. गाव ठळक, खाली नावं आणि पानं. गावांचा वर्णानुक्रम कोणालाही लागतो: अकोला, इचलकरंजी, कोल्हापूर, नांदेड, परभणी, सोलापूर.

४ सप्टेंबर

देवनागरीने दिवस खाल्ला. केरँग!चा जोर ज्या गोष्टींवर उभा आहे त्यातली पहिली म्हणजे मोठी इंग्रजी अक्षरं, एकसारख्या उंचीची, विटांसारखी एकावर एक रचता येणारी. आपल्याकडे वर रफार आणि वेलांटी, खाली उकार. 'सोलापूर' आणि त्याखाली 'कोल्हापूर' घट्ट बसवायला गेलं की वरच्याचा ऊकार खालच्याच्या काना-मात्रेत घुसतो. अंतर वाढवलं की जोर जातो.

शीर्षकांना तेको टाइप घेतला, चौकोनी आणि अरुंद, उंचीत भरतो आणि रुंदीत जागा वाचवतो. मजकुराला मुक्ता. शीर्षकं सगळी एका ओळीतच ठेवायची, दोन ओळी आल्या की शब्द बदलायचा, असा नियम केला. शिरोरेषेचा एक फायदा मात्र मिळाला: ठळक टाइपात ती आपोआप पट्टीसारखी दिसते, त्यामुळे गावांच्या नावांखाली वेगळी रेघ मारायची गरज उरली नाही.

आकडे देवनागरीच ठेवले. पण ओरखडलेला, झिजलेला टाइप आकड्यांना लावायचा मोह टाळला. १ आणि ९ झिजले की कोण कोणता ते कळत नाही, आणि अनुक्रमणिकेत पानाचा आकडाच चुकीचा वाचला गेला तर बाकी सगळी कलाकुसर पाण्यात.

१२ सप्टेंबर

छपाई. नमुना आर्ट पेपरवर काढून घेतला. प्रेसवाल्या दादांनी फाइल उघडली आणि काळ्या पट्टीवरची पिवळी अक्षरं बघून मान हलवली. "मोठी चालतील. ही बारीक रिव्हर्समध्ये नको मॅडम, मात्रा भरते." ऑफसेटला गेलं तर काळी शाई थोडी पसरते, आणि 'के'ची मात्रा किंवा 'र्‍या'मधली बारीक जागा बुजून जाते. त्यात काळा चार रंगांच्या शाई एकावर एक छापून केला असेल आणि छपाईची एखादी प्लेट केसभर सरकली, तर अक्षराला रंगीत कड येते.

त्यांनीच सुचवलं तसं उलटं केलं: मोठ्या नावाला काळ्यावर पिवळं, बारीक मजकुराला पिवळ्यावर काळं. काळा पिवळ्यावर नीट बसतो, सरकायची भीती नाही. केरँग!च्या पानावर हे दोन्ही प्रकार आलटूनपालटून का दिसतात, यामागे निव्वळ सौंदर्यदृष्टी नसावी असं आता वाटायला लागलंय.

१८ सप्टेंबर

वसतिगृहातल्या पोरांना पान दाखवलं. ओंकारसारखंच, काही न सांगता. एकजण इचलकरंजीचा. त्याची नजर मधल्या फोटोवरून घसरली आणि पट्टीत 'इचलकरंजी'वर थांबली. "आमच्याकडचं कोण आहे यात?" नाव काल्पनिक आहे असं सांगितल्यावर त्याने लगेच खऱ्या पोरांची नावं सांगायला सुरुवात केली, कोण कुठल्या चौकात रेकॉर्ड करतं त्यासकट. दुसरा हिंगोलीचा. पट्टीत हिंगोली नाही बघून त्याने पान परत केलं. विभाग वाचले नाहीत, फोटो बघितला नाही, संपादकीयाचं नावही घेतलं नाही.

हिंगोलीच्या पोराने खरा दोष दाखवला. ज्याचं गाव नाही तो तिथेच बाहेर पडतो. एनएमईत हे होत नसे, कारण तिथे वाचक दुसऱ्यांचे बँड शोधायला यायचा, माझा वाचक आपल्या माणसाला शोधतोय.

२३ सप्टेंबर

मॅडमशी चर्चा. त्यांनी विचारलं, या महिन्यात गाव नाही म्हणून अंक टाकणारा वाचक पुढच्या महिन्यात परत येईल कशाला? मी दोन पर्याय नेले होते: पट्टीत सगळे जिल्हे दर अंकात छापायचे, नाव नसेल तिथे रिकामी जागा, किंवा गावांऐवजी विभाग करायचे, मराठवाडा, विदर्भ, खानदेश. दुसरा पर्याय मॅडमनीच खोडला. "मराठवाड्यातला मुलगा स्वतःला मराठवाड्याचा म्हणवतो, पण शोधतो परभणी." बरोबर आहे.

सगळे जिल्हे छापायचं ठरलं. ज्या जिल्ह्यातलं कोणी नाही तिथे एक ओळ: 'तुमच्याकडचं कोण? कळवा' आणि व्हॉट्सअॅप क्रमांकाची जागा. त्यामुळे पट्टी लांबली, तळापर्यंत गेली, आणि मधला फोटो जवळजवळ निम्मा झाला. विभागांची यादी उजवीकडे वर सरकली. वर्गणीची चौकट तळाला होती ती काढून शेवटच्या पानावर टाकली. अनुक्रमणिकेच्या समोरच्या पानाला जाहिरातदार एरवी जास्त पैसे मोजतात, म्हणून ते पान मोकळं ठेवलंय.

ओंकारने नवीन पान बघून नाक मुरडलं. फोटो इतका लहान कशाला, म्हणाला. त्याला सांगितलं की हे पान तुझ्यासाठी नाहीये. तो म्हणाला, "मग काकांना दाखव." काकांना दाखवलं. त्यांनी रत्नागिरी शोधली, रिकामी होती, आणि विचारलं की आपल्या गुहागरचा तो दशावतारात मृदंग वाजवणारा मुलगा यात बसेल का.

बसणार नाही. पण 'रॅप' हा शब्द मुखपृष्ठावर किती मोठा ठेवायचा, हे त्यामुळे पुन्हा बघावं लागणार. सोमवारी फाइल द्यायची आहे.